विनोबा दर्ग्यात जाऊन बसतात तेव्हा...

भूदान चळवळीचे जनक कोण? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर तयार असतं. विनोबा भावे. पहिले वैयक्तिक सत्याग्रही कोण? तेच. साल? 1940. झालं, दोन मार्क खिशात. पुढचा प्रश्न घ्या.

मंद्रूपच्या अभ्यासिकेत बसणारे तुम्ही असाल, नाहीतर सकाळची एसटी पकडून सीना ओलांडून सोलापूरला कॉलेज गाठणारे असाल, तुमच्यातल्या बहुतेकांची विनोबांशी ओळख इथंच थांबते. त्यात तुमचा काही दोष नाही. गाइडमध्ये तेवढंच छापलेलं असतं.

पण या माणसाच्या आयुष्यातलं एक प्रकरण गाइडमध्ये येत नाही. देशाची फाळणी झाली, माणसं धर्म विचारून एकमेकांना मारू लागली, मशिदी फोडल्या गेल्या, दर्गे ओस पडले, तेव्हा विनोबांनी काय केलं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते करण्याआधीची दहा वर्षं ते कशाची तयारी करत होते?

हे आज का वाचायचं, असं तुम्ही विचाराल. मोबाइलवर आलेल्या एका पोस्टवरून शेजारच्या गल्लीतली मशीद फोडायला निघालेला जमाव आता लांब कुठं यूपी-बिहारात नाही, आपल्या महाराष्ट्रात दिसलाय. त्या जमावात बहुतेक पोरं तुमच्याच वयाची असतात. म्हणून वाचायचं.

गागोदेचा विन्या

11 सप्टेंबर 1895. पेण तालुक्यातलं गागोदे गाव. नरहरपंत आणि रुक्मिणीबाई भाव्यांच्या घरी मुलगा झाला, विनायक. घरात आजोबांची देवपूजा, आईचे अभंग. वडील नोकरीसाठी बडोद्याला, म्हणून पुढचं शिक्षण बडोद्यात. गणितात पोरगा पक्का. वाचनाचं वेड एवढं, की लायब्ररी म्हणजे दुसरं घर.

मार्च 1916 मध्ये विनायक इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला. सुरतला उतरला. मुंबईला न जाता थेट काशीचा रस्ता धरला. सर्टिफिकेटं त्याआधीच चुलीत गेली होती. तुमच्यातल्या कुणी असं केलं तर घरात काय होईल याची कल्पना करा! (तुम्ही करू नका. विनोबांची सुद्धा सगळ्यांना अशी शिफारस नव्हती.)

काशीत त्यांच्या वाचनात गांधीजींचं भाषण आलं. पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 ला हा वीस वर्षांचा मुलगा अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींसमोर उभा राहिला. तिथून पुढं आयुष्यभर तो गांधींचा झाला. मधे काही काळ वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शास्त्रांचा अभ्यास केला, 1921 मध्ये वर्ध्याला येऊन आश्रम सांभाळला. आईला संस्कृत येत नव्हतं, गीता समजून घ्यायची तिची इच्छा राहून गेली होती. त्या आठवणीतून विनोबांनी मराठीत 'गीताई' रचली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि समोर बसून एक कैदी ते भराभर उतरवून घ्यायचा. त्या कैद्याचं नाव साने गुरुजी. ही जोडी लक्षात ठेवा, पुढं पंढरपुरात आपल्याला दोघंही भेटणार आहेत.

कुराण शिकायचं तर नीट शिकायचं

आता गंमत बघा. गीता, उपनिषदं, ज्ञानेश्वरी ज्याला मुखोद्गत, असा हा देशस्थ-कोकणस्थांच्या जगात वाढलेला ब्राह्मण चाळिशीत अरबी शिकायला बसला. कशासाठी? कुराण वाचायचं होतं म्हणून. आधी इंग्रजी भाषांतरं वाचली. त्यावर समाधान होईना. मग मूळ भाषा हातात घेतली. उच्चार बरोबर यावेत म्हणून कान देऊन ऐकायचे, पुन्हा पुन्हा म्हणायचे. पुढं मौलाना आझाद वर्ध्याला आले असताना गांधीजींनी विनोबांना कुराणातला भाग म्हणून दाखवायला सांगितलं. ऐकून मौलाना चकित झाले. अरबीचा एवढा मोठा जाणकार आणि त्याला चकित करणारा गागोद्याचा भाव्यांचा मुलगा!

हे विनोबा का करत होते? एकोप्याच्या सभेत हार घालून घेण्यासाठी नव्हे. शेजाऱ्याच्या घरात काय वाचलं जातं, तो पहाटे उठून काय म्हणतो, त्याचा देव त्याला काय सांगतो, हे आपल्याला ठाऊकच नसेल तर त्याच्याबद्दल कुणीही काहीही सांगितलं तरी आपण माना डोलावणार. अफवा पसरते ती अज्ञानाच्या जमिनीवर. विनोबांनी आधी स्वतःची जमीन साफ करून घेतली.

या अभ्यासातून पुढं 1962 मध्ये 'कुराण-सार' हे पुस्तक आलं. कुराणातली निवडक वचनं विषयवार लावलेली. पुस्तक हातात पडायच्या आधीच कराचीच्या 'डॉन' या वृत्तपत्रानं त्यावर झोड उठवली. विनोबांनी ख्रिस्ती धर्माचं सार काढलं, बुद्धाच्या धम्मपदाची रचना लावली, शिखांच्या जपुजीवर लिहिलं. सगळीकडे पद्धत एकच. आधी शिकायचं आणि मग बोलायचं.

1948 : मशिदी परत करा

आता दिल्लीत या. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून हिंदू-शीख निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांनी भोगलेलं भयानक होतं, घरदार, माणसं, सगळं गमावून ते आले होते. दुसरीकडे दिल्लीतल्या मुसलमानांवर हल्ले झाले. शेकडो वर्षांचे मोहल्ले रिकामे झाले. कितीतरी मशिदींचा ताबा घेतला गेला, कुठं लोक राहायला लागले, कुठं मूर्ती बसल्या. मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा जुना दर्गा आहे. तिथं नासधूस झाली, आणि दरवर्षी भरणारा उरूस यंदा होणार की नाही हाच प्रश्न पडला.

13 जानेवारी 1948 ला गांधीजी उपोषणाला बसले. त्यांचं वय तेव्हा 78. उपोषण सोडण्याच्या अटी एकदा नीट बघा, कारण हा धडा शाळेत घाईत उरकला जातो. मेहरौलीचा उरूस बिनधोक व्हावा. मशिदी मुसलमानांना परत मिळाव्यात. मुसलमानांना शहरात आणि रेल्वेत निर्भयपणे फिरता यावं. निघून गेलेल्यांना परत यायचं असेल तर आडकाठी नको. त्यांच्यावर आर्थिक बहिष्कार नको. त्यांच्या वस्तीत त्यांच्या मर्जीविरुद्ध इतरांनी घुसायचं नाही. 18 जानेवारीला सगळ्या पक्षांच्या, संघटनांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिली, तेव्हा उपोषण सुटलं. 27 तारखेला गांधीजी स्वतः मेहरौलीच्या उरुसाला गेले. आणि तीनच दिवसांनी, 30 जानेवारीला, त्यांचा खून झाला.

खून करणारा नथुराम गोडसे मराठी, ब्राह्मण. झालं! महाराष्ट्रात जमाव बाहेर पडले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ब्राह्मणांची घरं पेटली. ज्यांनी गोडसेला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं त्यांचीही. हे पाहून साने गुरुजींनी 21 दिवसांचं उपोषण केलं. विचार करा, गुन्हा एकाचा आणि शिक्षा त्याच्या जातीच्या, धर्माच्या सगळ्यांना, हे गणित आज मुसलमानाच्या दारात जाईल, उद्या आणखी कुणाच्या. ते गणितच चुकीचं आहे. नुसतं दार बदलून ते बरोबर येत नाही.

विनोबा स्वतः मराठी ब्राह्मण. गांधींच्या खुनाचं दुःख त्यांच्या वाट्याला दुहेरी आलं असणार. पण ते रडत बसले नाहीत. पंडित नेहरूंनी मदतीला बोलावलं आणि मार्च 1948 च्या अखेरीस, आजवर आश्रमाच्या बाहेर फारसा न पडलेला हा माणूस दिल्लीला पोचला.

मेवात आणि अजमेर

दिल्लीच्या दक्षिणेला गुडगाव, अलवर, भरतपूर या पट्ट्यात मेव मुसलमान राहतात. शेती आणि गुरं हे त्यांचं जगणं. 1947 मध्ये अलवर-भरतपूर संस्थानांत त्यांची भयंकर कत्तल झाली, हजारो लोक घरदार सोडून पळाले. डिसेंबर 1947 मध्ये गांधीजी घासेरा गावी जाऊन, देश सोडू नका, असं त्यांना सांगून आले होते. सांगणारा गेला. आता ते निभावायचं कुणी? ते काम विनोबांनी अंगावर घेतलं.

काम कसलं? भाषणांचं नव्हे. निर्वासितांच्या छावण्यांत जा, तिथल्या हिंदू-शीख निर्वासितांचं ऐका, मग मेवांच्या गावात जा, कुणाची जमीन कुणाकडे गेली ते बघा, दिल्लीत जाऊन सांगा, दिल्लीचा हुकूम खाली पोचला का ते परत येऊन बघा. बहुतेक वेळा पोचलेला नसायचा. वर एक ठरायचं, खाली दुसरंच चालायचं. तहसीलच्या खेपा ज्यांनी घातल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण त्या चिवट खटपटीतून मेव पुन्हा आपल्या गावी वसले. आज मेवात तिथंच आहे.

लक्षात घ्या, विनोबांनी निर्वासित हिंदूंचं दुःख एका बाजूला आणि मेव मुसलमानांचं दुसऱ्या बाजूला असा तराजू धरला नाही. एकाच्या अश्रूंचा वापर दुसऱ्याचं घर जाळायला होऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

मग आलं अजमेर. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचा दर्गा तुम्हाला माहीत असेलच, आपल्या भागातूनही कितीतरी लोक तिकडं जातात, हिंदूसुद्धा. डिसेंबर 1947 मध्ये अजमेरात दंगल झाली होती. मे 1948 मध्ये उरूस आला. वातावरण असं, की यात्रेकरूंनी यावं की नाही? भीती दोन्हीकडे.

विनोबा अजमेरला गेले. आठवडाभर राहिले. दर्ग्यात जात राहिले. आश्रमात रोज जी प्रार्थना म्हणायची तीच त्यांनी दर्ग्याच्या आवारात म्हटली आणि मुसलमान भाविक तिला बसले. नमाजाच्या वेळी विनोबा शांत बसून राहिले. शेवटी लोक रांग लावून त्यांचे हात हातात घेऊ लागले, त्याला कितीतरी वेळ लागला. हातात लाठी नाही, कुठलं पद नाही, अंगावर फक्त पंचा. एक माणूस जाऊन बसला, एवढंच.

एवढंच, म्हणजे थोडं नव्हे. त्यानं काय झालं ते नीट बघा. प्रार्थनास्थळावर हात टाकणाऱ्याला मनातून एक खात्री असते, की आपले लोक आपल्याला काही बोलणार नाहीत. ज्याला ते आपला म्हणतात असा माणूस तिथं जाऊन बसला की ती खात्री डळमळते. दुसरं, घाबरून दारं लावून बसलेल्यांना कळतं की गावात आपण एकटे नाही. आणि तिसरं, प्रशासनाला समजतं की इकडे कुणाचं तरी लक्ष आहे. पोलिस बंदोबस्त लागतोच, त्याला पर्याय नाही. पण बंदोबस्त उरुसानंतर उठतो. शेजारी तिथंच राहतो.

आपल्या वेशीवर काय घडलं

हे सगळं उत्तरेतलं, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं वाटत असेल तर थोडं आपल्या वेशीपर्यंत चला. 1948 मध्ये सोलापूरहून तुळजापूरला निघालात तर वाटेत निजामाची हद्द लागायची. तिथं रझाकारांनी उच्छाद मांडला होता, गावं लुटली, माणसं मारली, आणि जीव घेऊन पळालेली कुटुंबं सोलापूरच्या आसऱ्याला आली होती. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा गेल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला. मुक्ती मिळाली, हे खरंच. पण त्यानंतर सूड सुरू झाला. रझाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा साध्या मुसलमानांवर तो उतरला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं गावोगाव फिरून अहवाल लिहिला. मेलेल्यांचा तिचा अंदाज 27 हजार ते 40 हजार. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आपले सख्खे शेजारी. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि ती सोलापूरकरांनी तर पाठच करायला हवी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतः मोठी किंमत मोजून. एका मागावर शेजारी शेजारी बसणाऱ्या हातांना एकमेकांची ओळख होती. धर्म कळायच्या आधी माणूस कळलेला होता.

देवळाच्या दारात

मार्च 1951 मध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले ते याच जुन्या निजाम राज्यात, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला. तिथून पुढं तेलंगणात गेले, आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं, शंभर एकर. पुढची तेरा वर्षं ते चालत राहिले. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला आपल्या विषयाचा धागा मात्र हा.

मुसलमानांच्या दर्ग्याची काळजी करणारा माणूस आपल्याच देवळांच्या दाराशी कसा वागतो, यावरून तो खरा की खोटा ते ठरतं. सप्टेंबर 1953 मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात विनोबा दलितांना सोबत घेऊन गेले. पुजाऱ्यांच्या माणसांनी लाठ्या घातल्या. विनोबांच्या कानाला मार बसला. मारणाऱ्यांना शिक्षा करू नका, असं त्यांनी कळवलं. पुढं जगन्नाथपुरीला सोबत एक फ्रेंच बाई होत्या, त्यांना आत सोडणार नाही म्हटल्यावर विनोबा दारातूनच परतले. केरळात गुरुवायूरलाही तेच झालं. आपल्यासोबतच्या सगळ्यांना घेतलं तरच आत जायचं, हा नियम त्यांनी करून टाकला. आणि जिथं नको म्हणाले तिथं त्यांनी घुसखोरी केली नाही, हेही महत्त्वाचं. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानात जायचं ते त्याच्या बोलावण्यावरून, पाय वाजवत नव्हे.

आणि मग पंढरपूर. आपल्या जिल्ह्यातलं, आपल्या विठोबाचं. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी इथं प्राण पणाला लावले, तेव्हा विठ्ठल मंदिराचं दार दलितांना उघडलं. अकरा वर्षांनी, मे 1958 मध्ये, सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पंढरपुरात आले. त्यांचा नियम सगळ्यांना माहीत होता. मंदिराच्या मंडळींनी त्यांना सगळ्यांसकट या म्हणून बोलावलं. विनोबा आत गेले तेव्हा त्यांच्यासोबत एक मुसलमान मुलगी होती आणि एक जर्मन ख्रिस्ती बाई. विठोबाच्या पायाशी ते उभे राहिले, तेव्हा विनोबांना आवरेना, डोळे वाहत होते.

शेख महंमदांसारख्या मुसलमान संताला श्रीगोंद्यात डोक्यावर घेणारी ही वारकऱ्यांची परंपरा. तिला ते काही नवीन नव्हतं. फक्त मधल्या काळात दार बंद झालं होतं.

दंगल व्हायच्या आधीची सेना

1957 मध्ये विनोबांनी शांतिसेना उभी करायला घेतली. कल्पना मूळ गांधीजींची. विनोबांनी हिशेब मांडला (गणितात पक्के होते, सांगितलं ना): दर पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक. त्याचं काम दंगलीच्या दिवशी सुरू होत नाही. एरवी वर्षभर तो त्या वस्तीत राबतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, भांडणं मिटवतो, पोरांना शिकवतो. त्यामुळं दंगलीच्या दिवशी तो जमावासमोर उभा राहिला की समोरचा त्याला नावानं ओळखतो. अनोळखी माणसानं थांबा म्हटलं तर कुणी थांबत नाही. ज्यानं परवा आपल्या आईला रक्त मिळवून दिलं, त्याच्यासमोर दगड उचललेला हात थबकतो. सगळं शास्त्र एवढंच आहे.

1969 च्या अहमदाबादच्या दंगलीनंतर शांतिसैनिकांनी तिथं महिनोन् महिने काम केलं. पाच हजारांमागे एक, हे विनोबांचं गणित मात्र देशात कधीच पुरं झालं नाही. आपल्या गावाची लोकसंख्या घ्या आणि पाच हजारांनी भागून बघा, किती जण लागतील. फार नाही लागत.

सगळंच बरोबर होतं का?

नाही. थोर माणसाचं चरित्र वाचताना आरती म्हणायची नसते. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ कागदावरच राहिली. आणीबाणीच्या काळात विनोबांनी सरकारला ठाम विरोध केला नाही, त्यावरून त्यांचे जवळचे सहकारीही दुखावले. गोहत्याबंदीच्या कायद्यासाठी त्यांनी 1979 मध्ये उपोषण केलं. त्या मागणीशी तेव्हाही अनेकांचे मतभेद होते, आजही आहेत. पण एक फरक विसरू नका. विनोबांनी गाईसाठी स्वतःचं जेवण सोडलं, दुसऱ्याच्या अंगावर हात टाकला नाही. गाईचं नाव घेऊन रस्त्यात गाड्या अडवून माणसांना मारणाऱ्यांना विनोबांचा वारसा सांगता येणार नाही.

15 नोव्हेंबर 1982 ला पवनारला, अन्न-औषध थांबवून, विनोबा शांतपणे गेले. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं. तिथं आणखी एक मार्क.

आणि आता आपण

2 जून 2014. पुण्यात हडपसरला एका तरुण आयटी इंजिनियरला रात्री रस्त्यात गाठून मारून टाकलं. फेसबुकवर शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेब ठाकरेंची बदनामी करणारी चित्रं फिरली होती, म्हणून जमाव चिडलेला होता. या मुलाचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. दाढी होती, डोक्यावर टोपी होती, बास. तो मुलगा सोलापूरचा होता. शिकून, नोकरीला लागून, घर वर आणायला पुण्याला गेलेला, तुमच्यासारखाच. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानं आरोपींना पुराव्याअभावी सोडून दिलं.

10 सप्टेंबर 2023. साताऱ्यातलं पुसेसावळी. पुन्हा सोशल मीडियाच्या पोस्ट, रात्री मशिदीवर जमाव, एक तरुण ठार. 14 जुलै 2024. विशाळगडाच्या पायथ्याचं गजापूर. वाद गडावरच्या अतिक्रमणाचा, आणि तोडफोड झाली वाटेतल्या गावातल्या मशिदीची आणि घरांची. शिवाजी महाराजांनी मशिदीला आणि कुराणाला धक्का लावू दिला नाही, ही नोंद खाफीखानासारख्या त्यांच्यावर खार खाऊन असलेल्या इतिहासकारानंही केली आहे. त्यांचंच नाव घेऊन हे झालं.

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून तुम्ही शंभर वेळा गेला असाल. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघंही फासावर गेले. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान, असं वेगळं वेगळं फाशी देता आलं नाही इंग्रजांना. आपल्याकडच्या कितीतरी गावांत मोहरमला पीर बसतात तेव्हा सवारी खांद्यावर घेणारे सगळे मुसलमानच असतात असं नाही. कन्नड, मराठी, दखनी एकाच चहाच्या टपरीवर बोलली जाते. हे आपल्याला फुकट मिळालंय, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

मग करायचं काय? शंभर मोर्चे नकोत. विनोबांकडून उचलण्यासारख्या साध्या गोष्टी बघा.

शेजाऱ्याच्या सणाला जा, पण बिर्याणी-शीरखुर्म्यापुरतं नको. तो काय मानतो, का मानतो, हे त्याच्याच तोंडून ऐका.

भडकावणारी पोस्ट आली तर ती तुमच्या मोबाइलवर मेली पाहिजे. फॉरवर्ड करू नका, खरी वाटली तरी नको. धमकी, बहिष्काराची हाक, जमायचा निरोप दिसला तर स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्या. तातडीचं असेल तर 112 लावा.

कायदा माहीत करून घ्या. कुठल्याही धर्माचा अपमान करण्याच्या हेतूनं प्रार्थनास्थळाची नासधूस करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 298 खाली गुन्हा आहे. समाजासमाजांत वैर पेटवणं, कलम 196. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून कुणाला ठार मारलं, तर कलम 103(2), शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. जमावात मागं उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्याचंही करिअर तिथंच संपू शकतं. भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

आणि गावात कधी वातावरण तापलंच, तर घरात दार लावून बसू नका. पाच-दहा जण मिळून, मोठ्यांना पुढं घालून, मशिदीच्या, दर्ग्याच्या बाहेर जाऊन बसा. घोषणा नको, झेंडा नको. चहा मागवा, गप्पा मारा. जमाव आला तर त्याला आधी तुमचे चेहरे दिसू देत. त्याच्या वर्गातला, त्याच्या तालमीतला, त्याच्या भावकीतला पोरगा तिथं बसलेला दिसू दे.

उद्या तुमच्या देवळावर कुणी चाल करून आलं, तर तेच मुसलमान शेजारी तुमच्या पायऱ्यांवर येऊन बसतील, याची हमी कुणी देऊ शकत नाही. विनोबांनीही अजमेरला जाताना अशी हमी मागितली नव्हती. ते फक्त जाऊन बसले.